'डेव्ह्ज'च्या शेवटावर नाराज असलेल्या प्रेक्षकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

'डेव्ह्ज' ही आठ भागांची मालिका शेवटपर्यंत पाहून वैतागलेल्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. ज्यांची अजून पाहायची राहिली आहे त्यांनी कृपया इथेच थांबावं, कारण पुढे काहीच झाकून ठेवलेलं नाही.

अ‍ॅलेक्स गारलंड यांनी लिहिलेली आणि आठही भाग स्वतः दिग्दर्शित केलेली ही मालिका अमेरिकेत ५ मार्च २०२० ला सुरू झाली. पहिल्या दिवशी दोन भाग आले, मग दर आठवड्याला एक, आणि १६ एप्रिलला आठवा. गोष्ट थोडक्यात अशी: एका तंत्रज्ञान कंपनीचा मालक फॉरेस्ट आणि त्याची सहकारी केटी यांनी 'डेव्ह्ज' या गुप्त विभागात भूत आणि भविष्य पडद्यावर दाखवणारा क्वांटम संगणक बांधला आहे. तेव्हापासून शेवटाबद्दल एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. सात भाग आम्हाला सांगितलं की सगळं आधीच ठरलेलं आहे, कुणालाही वेगळं वागता येत नाही. मग आठव्यात, पडद्यावर स्वतः गोळी झाडताना दिसलेली नायिका लिली प्रत्यक्षात पिस्तूल फेकून देते आणि नियम मोडतो. का मोडला? सांगितलंच नाही. म्हणजे लेखकाला शेवट सुचला नाही.

ही तक्रार उडवून लावण्यासारखी अजिबात नाही. मालिकेच्या तर्कात भोक आहेच. पण ते आठव्या भागात शोधलं जातं आणि पडलंय सातव्या भागात. आठव्या भागातलं पिस्तूल फेकणं हे खरं तर या मालिकेतलं तर्काला सर्वांत धरून असलेलं कृत्य आहे. हे पटवून द्यायला थोडं गणित आणि थोडं भौतिकशास्त्र लागेल, दोन्ही शाळेच्या पातळीपलीकडे फारसं जाणार नाही.

आधी एक गल्लत दूर करू. 'सगळं ठरलेलं आहे' आणि 'सगळं आधी सांगता येतं' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं विधान १८१४ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी मांडलं: एखाद्या बुद्धीला या क्षणी प्रत्येक कणाचं स्थान आणि त्यावरची बलं कळली, तर तिच्यापुढे भूत आणि भविष्य दोन्ही उघडे असतील. मात्र लाप्लास यांची ती बुद्धी विश्वाच्या बाहेर बसलेली आहे. ती जे पाहते ते कुणाच्या कानावर घालत नाही. फॉरेस्ट आणि केटी यांचं यंत्र मात्र विश्वाच्या आत आहे, त्याला पडदा आहे आणि त्या पडद्यासमोर माणसं बसलेली आहेत. भाकीत ज्याच्याबद्दल आहे त्यालाच ते दाखवलं, की गोष्ट मुळापासून बदलते.

पडद्यासमोर एक माणूस आहे आणि त्याच्यापुढे दोनच पर्याय आहेत, पिस्तूल फेकणं किंवा न फेकणं. यंत्राने त्याला यांपैकी एक दृश्य दाखवायचं आहे. आता या माणसाचा स्वभाव पूर्णपणे ठरलेला आहे असं आपण मान्य करू. इच्छास्वातंत्र्याचा अंशही त्यात नको. तरी त्याचे चार प्रकार पडतात. काहीही दाखवलं तरी फेकणारा. काहीही दाखवलं तरी न फेकणारा. दाखवलं तसंच करणारा. आणि दाखवलं त्याच्या उलट करणारा. पहिल्या तिघांसाठी यंत्राला बरोबर ठरेल असं किमान एक दृश्य सापडतं. चौथ्यासाठी असं दृश्यच अस्तित्वात नाही. 'फेकेल' दाखवलं तर तो फेकणार नाही, 'फेकणार नाही' दाखवलं तर फेकेल. यंत्र कितीही ताकदवान असो, इथे ते हरतं, आणि त्यासाठी त्या माणसाला एकही भौतिक नियम मोडावा लागत नाही. उलट, तो अगदी नियमाने उलट वागतो म्हणूनच यंत्र हरतं.

गणितात याला स्थिर बिंदू नसणं म्हणतात, म्हणजे दाखवल्यावरही खरं राहील असं एकही उत्तर नसणं. कार्ल पॉपर यांनी १९५० मध्ये आणि डोनाल्ड मॅके यांनी १९६० मध्ये तत्त्वज्ञानाच्या अंगाने हाच मुद्दा मांडला होता, आणि अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये कोणता प्रोग्रॅम थांबेल हे सगळ्या प्रोग्रॅम्ससाठी सांगणारा एकच प्रोग्रॅम लिहिता येत नाही हे सिद्ध केलं, त्याचाही गाभा हाच उलट वागणारा भिडू आहे. लिली हा तो भिडू आहे. मालिकेला तिच्यासाठी वेगळा चमत्कार लागत नाही.

तिची कृती 'हो किंवा नाही' अशी असणंही महत्त्वाचं आहे. समजा प्रश्न हात किती उंच करायचा असा असता, शून्य ते शंभर सेंटिमीटर. यंत्राने ८० दाखवलं तर २० करणारा, ३० दाखवलं तर ७० करणारा कट्टर विरोधक घ्या. यंत्र त्याला ५० दाखवेल, आणि तो विरोध करता करता बरोबर ५० वर येईल. प्रतिसाद सलग बदलणारा असेल तर अशी एक जागा सापडतेच, हे ब्राउवर यांच्या प्रमेयाने सिद्ध झालेलं आहे. म्हणून लिलीने हळू चालणं, आवाज चढवणं, चेहरा फिरवणं यांतून यंत्राला चकवा देणं पुरेसं ठरलं नसतं. पिस्तूल हातात आहे किंवा नाही, दार मिटलं आहे किंवा नाही. गारलंड यांनी नेमकी मधली जागा नसलेली कृती निवडली आहे.

मग बाकीचे लोक याआधी का नाही उलट वागले? भोक आहे ते इथे.

फॉरेस्ट आणि केटी यांचं समजू शकतं. ते 'दाखवलं तसंच करणारे' आहेत, आणि स्वेच्छेने आहेत. फॉरेस्टची पत्नी आणि मुलगी अमाया अपघातात गेल्या तेव्हा पत्नी गाडी चालवत होती आणि तो तिच्याशी फोनवर बोलत होता. सगळं ठरलेलं असेल तरच तो दोषी नाही. अशा माणसाला पडद्यावरचं दृश्य मोडून बघण्याची इच्छा होणारच नाही, कारण एकदा जरी ते मोडलं तरी तो फोन ठेवता आला असता हे सिद्ध होईल. केटीचा त्या तत्त्वावर विश्वासच आहे. सहाव्या भागात टेबलावर पेन घरंगळवून ती लिलीला कार्यकारणाची साखळी समजावते, तेव्हा तिच्या आवाजात शंकेचा सूरही नाही. या दोघांनी पटकथा पाठ केल्यासारखं वागणं पात्रांना धरून आहे.

पण सातव्या भागातला एका सेकंदाचा प्रसंग आठवा. डेव्ह्जमधला प्रोग्रॅमर स्ट्यूअर्ट यंत्राचा रोख त्याच खोलीवर वळवतो आणि पडदा सगळ्यांना एक सेकंद पुढचे ते स्वतः दाखवतो. माणसं घाबरतात, ओरडतात, आणि एका सेकंदाने नेमकं तेच करतात. डोळ्याला काही दिसल्यावर साधी हालचाल करायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे पडद्यावर आपण हात वर केलेला दिसल्यापासून तो वर न करण्यासाठी जवळजवळ पाऊण सेकंद शिल्लक राहतो. खोलीत प्रोग्रॅमर भरलेले आहेत. समोर असं काही आलं तर प्रोग्रॅमर पहिली गोष्ट काय करेल? ते बिघडतं का हे बघेल. इतक्या जणांतल्या एकालाही ती सुरसुरी येऊ नये, हे न पटणारं आहे. घाबरण्यामुळे सुचलं नाही असं म्हणावं, तर घाबरण्याचा पहिला सेकंद गेल्यावर दुसरा येतो, तिसरा येतो.

तो प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे हे मी मान्य करतो, कदाचित आठही भागांतला सर्वांत जास्त. पण त्याची किंमत शेवटच्या भागाला मोजावी लागली. खोलीतल्या एकाने तिथेच हात वर केला नसता आणि पडद्यावर एक क्षण मुंग्या आल्या असत्या, तर आठव्या भागात लिलीचं कृत्य अचानक वाटलं नसतं. यंत्राची मर्यादा प्रेक्षकांना आधीच कळली असती आणि प्रश्न 'हे शक्य कसं झालं' असा न उरता 'ती हे करेल का' असा झाला असता. दुसरीकडे, सहाव्या भागात 'उद्या रात्री तू डेव्ह्जमध्ये येणार' असं सांगूनही लिली तिथे पोचतेच, ते मात्र नीट बसवलेलं आहे. ती न जाण्याचं ठरवते. मग तिचा जुना प्रियकर जेमी याचा खून होतो आणि ती जाते. तिला फक्त परिणाम सांगितला होता, कारणं दडवली होती. विरोध कशाला करायचा हेच तिला ठाऊक नव्हतं. आठव्या भागात फॉरेस्ट तिला सगळं दृश्य पडद्यावर दाखवतो. तिच्या दोन वेगळ्या वागण्यांमागचा फरक माहितीच्या तपशिलाचा आहे.

आता भौतिकशास्त्र. शेवटावरच्या बऱ्याच चर्चा इथे घसरतात, कारण पात्रं जे मानतात तेच मालिका मानते असं धरून चाललं जातं.

मालिकेत दोन मतं भांडतात. फॉरेस्टला द ब्रॉग्ली आणि बोम यांची पायलट वेव्ह हवी आहे. द ब्रॉग्ली यांनी ती १९२७ मध्ये मांडली, डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये पूर्ण केली. दोन फटींच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन एकाच फटीतून जातो, लहर दोन्हींतून जाते आणि कणाला वाट दाखवते. जग एकच आणि सगळं ठरलेलं. डेव्ह्जमधला तरुण प्रोग्रॅमर लिंडन याला ह्यू एव्हरेट यांचं १९५७ चं अनेक जगांचं मत चालतं: क्वांटम अवस्था कशी बदलते हे सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण कुठेच थांबत नाही, मोजमाप करताना जग एका उत्तरावर कोसळत नाही, सगळी उत्तरं आपापल्या शाखेत घडतात. पाचव्या भागातला केटीच्या वर्गाचा प्रसंग याचीच उजळणी आहे, आणि तो पुन्हा पाहण्यासारखा आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. बोम यांचा सिद्धान्त ठरलेपणाचा आहे, पण त्याच सिद्धान्तात कणांची सुरुवातीची स्थानं मॅक्स बॉर्न यांच्या नियमाने मिळणाऱ्या संभाव्यतेपेक्षा अचूक जाणता येत नाहीत. म्हणजे फॉरेस्टचं मत खरं असलं तरी त्याचं यंत्र बनत नाही. शिवाय अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झालेलं आहे. हे दोष मी शेवटाच्या खात्यात टाकणार नाही. ते गृहीतक आहे. असं यंत्र असतं तर काय, हा मालिकेचा पहिलाच प्रश्न आहे, आणि तो विचारण्याचा हक्क विज्ञानकथेला द्यावा लागतो. गृहीतक अशक्य आहे म्हणून शेवट वाईट, असं लिहिणाऱ्यांनी हा फरक करावा.

आता कथेत काय घडतं ते पाहा. फॉरेस्टच्या पद्धतीने यंत्र धूसर चित्र आणि खरखरता आवाज देतं. चौथ्या भागात लिंडन एव्हरेटचं तत्त्व ध्वनिलहरींना लावतो आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. फॉरेस्ट त्याला शाबासकी देण्याऐवजी कामावरून काढतो. कारण त्या पद्धतीने मिळणारं जग आपलंच असेल याची खात्री नाही. ते आपल्यासारखं एक असेल. फॉरेस्टला आपली अमाया हवी आहे, तिच्यासारखी एखादी नको. पुढे तेच तत्त्व प्रकाशलहरींना लावलं जातं आणि चित्रही स्वच्छ होतं. या घडीपासून मालिकेने तुम्हाला उत्तर दिलेलं आहे: यंत्र चालतं ते लिंडनच्या मताने. म्हणून पडद्यावर दिसणारी रात्र ही आपल्या शाखेतलीच रात्र आहे, असं मानायला फॉरेस्ट आणि केटीच्या श्रद्धेपलीकडे आधार नाही.

लिलीने फॉरेस्टवर गोळी झाडल्याचं दृश्य त्यामुळे खोटं ठरत नाही. ती झाडणारी लिली दुसऱ्या शाखेत आहे. ही फेकणारी. दोघी समीकरणाला धरून आहेत. लिलीने आज्ञा मोडली, पहिलं पाप केलं, ती निवड करणारी पहिली व्यक्ती, हे सगळं फॉरेस्ट आणि केटीचं वाचन आहे. मालिका ते त्यांच्या तोंडी ठेवते, स्वतः सांगत नाही. एव्हरेटच्या चौकटीत 'निवड' या शब्दाला फारसं काम उरत नाही. ज्यांना शेवट धार्मिक आणि म्हणून उथळ वाटला, त्यांनी तो राग पात्रांवर ठेवावा.

तरी एक दुसरी अडचण उरते. पडदा कुठलीशी शाखा दाखवत असेल, तर त्या रात्रीपर्यंतची प्रत्येक गोष्ट शब्दशः कशी जुळली? पहिल्याच भागात लिलीचा प्रियकर सर्गेई एका सूत्रकृमीच्या हालचालींचं भाकीत दाखवतो. सी. एलिगन्स म्हणजे ३०२ चेतापेशींचा प्राणी, त्यांतली प्रत्येक पेशी आणि तिच्या जोडण्या विज्ञानाला ठाऊक आहेत. तरी भाकीत थोड्याच वेळात भरकटतं. एवढ्याशा जिवाचं असं, तर शहराचं काही दिवसांचं भाकीत केसभरही चुकू नये याला काय म्हणावं? मालिका याचं समाधान देत नाही. पटकथेला शेवटच्या रात्रीपर्यंत यंत्र अचूक हवं होतं, म्हणून ते अचूक राहिलं. ही तक्रार रास्त आहे, आणि पिस्तुलाच्या तक्रारीपेक्षा जास्त टिकाऊ आहे.

आणि लिली पिस्तूल फेकते त्यानंतर काय होतं, हे फार कमी जण लक्षात घेतात. भाकितात गोळी सुटते, डेव्ह्जमध्ये ने-आण करणारी तरंगती कॅप्सूल कोसळते, आतले लिली आणि फॉरेस्ट दोघं मरतात. प्रत्यक्षात गोळी सुटत नाही. स्ट्यूअर्ट कॅप्सूलला तरंगत ठेवणारं विद्युतचुंबकीय क्षेत्र बंद करतो, कॅप्सूल कोसळते, दोघं मरतात. कारण पूर्ण वेगळं, परिणाम तोच. लिलीने यंत्राला हरवलं असं जे म्हणतात त्यांना हे अडचणीचं आहे, आणि काहीच बदललं नाही म्हणणाऱ्यांनाही. तिने खुनी न होणं बदललं. जगणं तिच्या हातात नव्हतं. मला हा शेवटाचा सर्वांत विचारपूर्वक रचलेला भाग वाटतो, आणि तो घाईघाईत, काही सेकंदांत उरकला गेल्याचं वाईट वाटतं.

धरणावरचा लिंडनचा प्रसंग शेवटाशी जोडून पाहा. केटी त्याला म्हणते, अनेक जगांवर विश्वास असेल तर कठड्यावर तोल साधून उभा राहा. कुठल्यातरी जगात तू पडणार नाहीस. हा क्वांटम आत्महत्येचा जुना विचारप्रयोग आहे, १९८० च्या दशकापासून चर्चेत असलेला, आणि त्यातली चूक साधी आहे. शाखांना वजन, म्हणजे संभाव्यता, असते. तोल जाणाऱ्या शाखांचं वजन जास्त असेल तर 'कुठेतरी वाचणं' याला जवळजवळ अर्थ राहत नाही. त्यातच, विचारप्रयोगात मृत्यू तत्काळ आणि संपूर्ण हवा असतो. उंचावरून पडणाऱ्याला भान असतं, आणि जखमी होऊन जगणारे लिंडनही असतात. मालिका त्याला अनेक प्रकारे पडताना दाखवते, म्हणजे गारलंड यांना हे ठाऊक आहे. केटीला ठाऊक नाही की ठाऊक असूनही तिने त्याला चढवलं? ती तो प्रसंग आधीच पाहून आलेली आहे. 'दाखवलं तसंच करणं' या वृत्तीतून काय काय घडू शकतं, याचं मालिकेतलं सर्वांत क्रूर उदाहरण हे आहे.

शेवटचा टप्पा सिम्युलेशनचा: मेल्यावर फॉरेस्ट आणि लिली यंत्रातल्या आभासी जगांत पुन्हा जगू लागतात. 'मेलेले स्वर्गात गेले, गोड शेवट' अशी त्याची वासलात लावली जाते. पण फॉरेस्ट स्वतः लिलीला सांगतो की त्यांच्या इतर प्रतींपैकी काही नरकासारख्या आयुष्यात अडकलेल्या असतील. आपण पाहतो ती त्यातल्या त्यात बरी शाखा. आणि फॉरेस्टला काय मिळालं? ज्या पद्धतीसाठी त्याने लिंडनला हाकललं, त्याच पद्धतीने मिळालेली अमाया. हुबेहूब आपलीच मुलगी हवी हा त्याचा आग्रह पूर्ण हरला, आणि त्याने ती हार आनंदाने स्वीकारली. सबंध मालिकेतलं त्याचं एकमेव परिवर्तन हेच आहे. यंत्राचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी माणसाच्या पातळीवर शेवट इथे पूर्ण होतो.

केटी सिनेटरला यंत्र दाखवून मदत मागते तो छोटा प्रसंगही अनावश्यक म्हणून टाकून देऊ नका. आतलं जग चालू राहायचं तर बाहेर वीज, थंडावा, देखभाल आणि सरकारची कृपा अखंड हवी. आजचे सुपरकंडक्टिंग क्वांटम संगणक निरपेक्ष शून्याच्या वर एक अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवावे लागतात, आणि त्यांची अवस्था सेकंदाच्या छोट्याशा अंशात विस्कटते. चुका सतत दुरुस्त कराव्या लागतात. साध्या संगणकावर हे काम न्यायचं म्हटलं, तर केवळ ३०० क्यूबिट्सची (क्वांटम संगणकाच्या मूळ एककांची) अवस्था लिहायला २ चा ३०० वा घात इतके आकडे लागतील, दृश्य विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त. यंत्र बंद केलं तर आतल्यांना काहीच जाणवणार नाही. नुसतं थांबवून वर्षभराने चालू केलं तरी नाही. म्हणजे त्या सगळ्यांचं अस्तित्व एका खात्याच्या मंजुरीवर टांगलेलं आहे, आणि हे त्यांच्यापैकी फक्त दोघांना माहीत आहे.

पुन्हा पाहणार असाल तर आठही भाग सलग पाहायची गरज नाही. पाचवा भाग आधी पाहा, मग चौथ्यातला लिंडनचा आवाजाचा प्रसंग, मग सातवा, मग आठवा. शेजारी कागद घ्या आणि प्रत्येक भाकितासमोर तीन गोष्टी लिहा: ते कुणी पाहिलं, किती तपशिलात पाहिलं, आणि पाहणाऱ्याला ते खरं व्हावं असं वाटत होतं का. तिसरा रकाना भरताना तुम्हाला दिसेल की भाकीत पाहून त्याप्रमाणे वागणाऱ्यांना बहुतेकदा ते खरंच व्हायला हवं होतं, आणि एका सेकंदाच्या प्रसंगातली माणसं तेवढी या हिशेबात बसत नाहीत. आवाज मोठा ठेवा. पडद्यावरच्या मुंग्या आणि त्यांची खरखर कुठे सुरू होते, कुठे थांबते हे ऐकूनही बरंच कळतं.

लिलीचं पात्र थंड आहे, संवाद संथ आहेत, या तक्रारींवर मी फार बोलणार नाही. सोनोया मिझुनो यांनी तिला मुद्दाम आवरून धरलं आहे असं मला वाटतं, आणि चौथ्या प्रकारचा माणूस बाहेरून असाच दिसेल. पण ते रुचीचं आहे.

राग काढायचाच असेल तर शेवटातली एक जागा मात्र तुम्ही सोडून दिली आहे. मृत्यूनंतर फॉरेस्ट यंत्रात केटीशी बोलतो. आपल्याला कुठे घातलं जाणार, काय लक्षात राहणार, इतर प्रतींचं काय होणार हे सगळं समजून तो होकार देतो. लिलीला कुणी विचारलं? कुणीच नाही. जी बाई पडद्यावर आपलं भविष्य पाहून ते नाकारते, तिला तिच्या संमतीशिवाय अगणित आयुष्यांत घातलं जातं, त्यांतली काही भयानक असणार हे माहीत असून, आणि जाग आल्यावर फॉरेस्ट तिला ते शांतपणे सांगतो. ती ऐकते, जेमीकडे जाते, आणि मालिका संपते. तिला हे नको असतं तर? नकार द्यायला तिच्याकडे आता कोणतं दार आहे? या प्रश्नाला आठव्या भागात एक वाक्यही मिळालेलं नाही. पिस्तुलाबद्दल इतकं लिहिलं गेलं, आता याबद्दल लिहा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक प्रेक्षक